टाकीतला फ्लोट स्विच : वायरिंग करून घेताना काय बघायचं?



आपल्या बऱ्याच गटांचे उद्योग आता उभे राहिलेत. युनिट म्हटलं की पाण्याची टाकी आली, मोटर आली. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून टाकीत फ्लोट स्विच बसवतात. पाणी वर चढलं की फ्लोट उचलला जातो, आतला संपर्क तुटतो आणि मोटर थांबते. सोय चांगलीच आहे. पण बाकीचे स्विच भिंतीवर असतात, हा पाण्यात असतो. आणि टाकी आतून घासायला हात घालणारी आपल्यातलीच कोणीतरी असते.

मुख्य गोष्ट

बरेचदा पैसे वाचवायला मोटरची 230 व्होल्टची वायर सरळ फ्लोटमधून नेतात. पहिल्या दिवशी सगळं नीट चालतं. पण पुढे उन्हाने, टाकीच्या काठाला घासून किंवा उंदरांनी कुरतडून वायरीचं आवरण फाटतं आणि करंट पाण्यात उतरतो. शिवाय मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. त्याने फ्लोटचा संपर्क जळून चिकटतो, मग टाकी वाहिली तरी मोटर थांबत नाही.

म्हणून पाण्यात जाणाऱ्या वायरीत फक्त 24 व्होल्ट असावेत. पॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर 230 चे 24 करतो. फ्लोट फक्त इशारा देतो, मोटर चालू-बंद करायचं काम पॅनेलमधला कॉन्टॅक्टर करतो.

वायरमनला हे सांगा

1. टाकी रिकामी असताना फ्लोटचा संपर्क जुळलेला आणि भरल्यावर तुटलेला हवा. म्हणजे वायर तुटली तरी मोटर बंदच राहील.
2. फ्लोटची वायर अखंड हवी. टाकीच्या आत जोड नको, टेप गुंडाळलेला तर नकोच.
3. पॅनेलमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी आत न जाता खाली गळेल.
4. मोटरची बॉडी आणि लोखंडी पॅनेल दोन्हींना अर्थिंग हवं. अर्थिंगची वायर हिरवी असते.
5. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळायला लागला की तो लगेच पुरवठा तोडतो. एमसीबी वेगळा, तो जादा लोड आणि शॉर्ट सर्किटसाठी असतो. दोन्ही लागतात.

काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. वायरिंगचा नकाशा पॅनेलच्या दाराला आतून चिकटवायला लावा.

पैसे देण्याआधी तपासा

टाकी अर्धी असताना मोटर सुरू करा आणि कोरड्या काठीने फ्लोट वर उचला. मोटर थांबली पाहिजे. मग मेन बंद करून वायरमनला फ्लोटची वायर पॅनेलमधून सोडवायला सांगा. मेन परत चालू केल्यावर मोटर सुरू होता कामा नये. झाली, तर जोडणी उलटी आहे.

रोजच्या कामात

टाकी धुण्याआधी मेन बंद करा, पॅनेलला कुलूप लावा आणि किल्ली धुणारीच्याच कमरेला असू द्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्याच्या बैठकीच्या दिवशी दाबून बघा. खटका पडला पाहिजे. आरसीसीबी सारखा पडत असेल तर तो काढून टाकू नका. करंट कुठेतरी गळतोय, वायरमनला बोलवा.

कोणाला शॉक लागलाच, तर तिला हात लावू नका. आधी मेन बंद करा.

हा खर्च थोडा जास्त येतो, मान्य. पण कोटेशन मागवताना वरचे पाच मुद्दे ठरावातच लिहा, म्हणजे स्वस्ताच्या नादात यातलं काही गळणार नाही.