डिस्नीच्या राइडचं बुकिंग आणि आपले ११ मोदक



मागच्या लाइव्हमध्ये एका ताईंनी विचारलं होतं, "मॅडम, माझ्या पार्लरमध्ये शनिवार-रविवार बसायला जागा नसते. टाइम स्लॉट सुरू करू का?" मी त्या वेळी "सांगते, सांगते" म्हणून पुढे गेले, कारण दोन वाक्यांत देण्यासारखं उत्तर नव्हतं. या विषयात माझं स्वतःचं तोंड पोळलेलं आहे. ते कसं, ते सांगतेच. पण आधी आपल्याला फ्लोरिडाला जायचंय. घाबरू नका, विमानाचं तिकीट लागणार नाही.

फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ डिस्नीची मोठी थीम पार्क्स आहेत. तिथला धंदा म्हणजे एका अर्थाने रांगेचाच धंदा. माणूस तिकिटाचे पैसे आधीच भरून आत आलाय, आता त्याला राइड हवी आहे आणि राइडपुढे तासाभराची रांग आहे. उन्हात, कडेवर पोर घेऊन. पार्कवाल्यांच्या दृष्टीने यात आणखी एक दुखणं आहे, जे आपल्याला चटकन दिसत नाही: रांगेत उभा असलेला माणूस आइस्क्रीम घेत नाही, टोपी घेत नाही, हॉटेलात जेवायला बसत नाही. रांग म्हणजे खिशात पैसे असलेलं गिऱ्हाईक बांधून ठेवणं.

म्हणून १९९९ मध्ये त्यांनी फास्टपास आणला. राइडच्या बाहेर एक मशीन. त्यात आपलं प्रवेशाचं तिकीट सरकवायचं, की एक चिठ्ठी बाहेर येणार. त्यावर एका तासाची मुदत छापलेली, समजा २.१० ते ३.१०. तोवर कुठेही फिरा, त्या तासात परत या, वेगळ्या छोट्या रांगेतून आत जा. वेगळे पैसे नाहीत. बरं, वेळ देताना त्यांनी "बरोबर २.१० ला या" असं म्हटलं नाही, अख्खा तास दिला. लहान पोराला घेऊन फिरणारा माणूस मिनिटावर येऊ शकत नाही, हे त्यांना माहीत होतं.

तरी लोक उशिरा यायचेच. दुपारची चिठ्ठी संध्याकाळी घेऊन यायचे आणि दारावरचा कर्मचारी हसून आत सोडायचा. नियम छापलेला, पण पाळायचा कुणी नाही. कित्येक वर्षं असंच चाललं, आणि २०१२ च्या मार्चमध्ये फ्लोरिडात त्यांनी वेळ काटेकोर पाळायला लावली. नेहमीच्या लोकांची चांगलीच कुरकुर झाली. अहो, नियम जुनाच होता! पण इतकी वर्षं सवलत मिळाली की ती माणसाला हक्क वाटायला लागते. उधारीचं नाही का तसंच होत?

हे कडक करण्यामागे कारण होतं. पुढची मोठी यंत्रणा येऊ घातली होती, फास्टपास प्लस. कागदाची चिठ्ठी बंद. घरी बसून फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तीन राइड आधीच निवडायच्या. डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी, बाकीच्यांना ३० दिवस आधी. हातात एक पट्टा, तो खांबाला टेकवला की आत. या सगळ्या प्रकल्पाचा खर्च त्या वेळच्या बातम्यांमध्ये सुमारे १०० कोटी डॉलरपर्यंत सांगितला जात होता.

आता मुद्द्याची गोष्ट, चाचणी. एवढा पैसा ओतल्यावर त्यांनी एकदम दार उघडलं नाही. आधी बंद स्टुडिओत नमुने उभे करून बघितले. मग २०१३ मध्ये निवडक हॉटेलांतल्या पाहुण्यांना हळूहळू ते वापरायला दिलं. म्हणजे पुस्तकात सांगतात तसंच केलं. चाचणीतली माणसं खूश झाली. का नाही होणार? त्या काळात जुनी कागदी मशीनंही चालूच होती. या पाहुण्यांकडे फोनवरच्या तीन राइड होत्या, आणि शिवाय मशीनची चिठ्ठीही घेता येत होती. दोन्ही हातांत लाडू!

पुढे कागदी मशीनं बंद झाली, २०१४ पासून फोनवरची पद्धत सगळ्यांना लागू झाली आणि चित्र बदललं. यातलं गणित एकदा नीट मांडते. माझा बीबीएला ऑपरेशन्सचा पेपर होता, रांगेचं गणित त्यात होतं, मला ५४ मार्क पडले होते आणि परीक्षेनंतर मी ते विसरले होते. पुढे दुकानानेच शिकवलं.

समजा एक राइड तासाला १,००० माणसं घेते. आपण चाचणी म्हणून त्यातल्या १०० जागा बुकिंगला दिल्या. उरल्या ९००. साध्या रांगेत ९०० माणसं असतील तर शेवटच्या माणसाला एक तास लागेल. बुकिंग नसतं तर ५४ मिनिटं लागली असती. सहा मिनिटांचा फरक. रांगेतल्या कुणाच्या लक्षातही येणार नाही. बुकिंगवाला मात्र खुशीत बाहेर येणार. मालकाने बघितलं तर काय दिसेल? शंभर जण आनंदी, तक्रार शून्य. चाचणी पास!

मग आपण जोरात येतो आणि १,००० पैकी ८०० जागा बुकिंगला देतो. साध्या रांगेला उरल्या तासाला २००. आता रांगेत फक्त ४०० माणसं उभी असली तरी शेवटच्याला दोन तास लागतात. रांग निम्म्याहून लहान, वेळ दुप्पट. आणि डोळ्यांसमोरून बुकिंगवाले झपझप आत जाताना दिसतात, ती आग वेगळीच.

राइड तीच आहे, तासाला १,००० च. बुकिंगने एक खुर्चीसुद्धा वाढलेली नाही. वाट बघण्याचा वेळ फक्त एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला. आणि छोट्या चाचणीत तो दुसरा माणूस दिसतच नाही, कारण आपण प्रश्न विचारतो ते बुकिंगवाल्याला.

त्याच फ्लोरिडात दुसऱ्या कंपनीने, युनिव्हर्सलने, याहून पुढची उडी मारली. २५ मे २०१७ ला त्यांनी व्होल्केनो बे नावाचं वॉटर पार्क उघडलं आणि प्रत्येकाच्या मनगटावर टापूटापू नावाचा पट्टा बांधला. घसरगुंडीपाशी पट्टा टेकवा, नंबर लागला. वेळ झाली की पट्टाच सांगणार. रांगच नाही, अशी जाहिरात. सुरुवातीच्या गर्दीच्या दिवसांत पट्ट्यावर कित्येक तासांची वेळ दिसायला लागली. रांगेत उभं राहायचं नाही, हे खरं. पण मग करायचं काय? सगळेच मोकळे, म्हणून खुर्च्या भरलेल्या, तलाव भरलेला, खाण्याच्या काउंटरला गर्दी. रांगेतली माणसं हवेत विरत नाहीत हो. ती दुसरीकडे जाऊन उभी राहतात.

आता मला आवडलेला प्रयोग. डिसेंबर २०१९ मध्ये डिस्नीने फ्लोरिडात स्टार वॉर्सची एक राइड सुरू केली, राइज ऑफ द रेझिस्टन्स. भयंकर गुंतागुंतीची यंत्रणा. सुरुवातीला ती वरचेवर बंद पडायची. अशा राइडला "दुपारी २.१० ते ३.१०" अशी चिठ्ठी दिली आणि १२ वाजता मशीन बसलं, तर दुपारभराच्या सगळ्या चिठ्ठ्या खोट्या ठरणार. म्हणून त्यांनी वेळ दिलीच नाही. गटाचा नंबर दिला. तुमचा गट ४२. सध्या २७ चालू आहे. फोन वाजला की या. राइड तासभर बंद पडली तर नंबर पुढे सरकत नाही, एवढंच. कुणाला दिलेला शब्द मोडत नाही.

आणि ठराविक नंबरानंतरच्या गटांना ते आधीच सांगायचे की तुम्ही बॅकअप आहात, आज नंबर लागेलच असं नाही. हे मला फार पटलं. नाही तर आपण काय करतो? "होईल हो, या तुम्ही!"

तो प्रयोगही बिनतक्रार नव्हता. पार्क उघडताच काही मिनिटांत सगळे गट संपायचे, त्यामुळे लोक उजाडायच्या आधीच गेटवर हजर. रांग राइडवरून उठली आणि गेटवर जाऊन बसली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी त्या राइडला साधी रांग लावली. फुकटचा फास्टपास तर करोनानंतर परत आलाच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून फ्लोरिडात त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर. २०२४ च्या जुलैमध्ये नाव बदललं, आणि काही दिवस आधी राइड निवडायची जुनी सवलत परत आली. पंचवीस वर्षं झाली, अजून त्यांचं बदलणं चालूच आहे. आपण एका रविवारात निकाल लावायला बघतो!

पैसे घेऊन पुढे सोडणं आपल्याला नवीन नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्येही एक्स्प्रेस तिकीट असतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करीन, तो वादाचा विषय आहे.

आता माझं तोंड कसं पोळलं ते.

आमचं दुकान ठाण्यात, वडिलांच्या वेळचं. गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक. सहा बायका पहाटे पाचपासून वळायला बसतात, तासाला साधारण २४० मोदक उतरतात. कुणी ११ नेतं, कुणी २१. दुपारी एकपर्यंत म्हणाल तर १२० गिऱ्हाइकांचा माल, त्याच्या वर नाही. दर वर्षी सकाळी रांग लागायची, आणि मला वाटायचं ही रांग म्हणजे आपली नाचक्की आहे.

म्हणून मी स्लॉट आणले. रीतसर चाचणी घेतली, बरं का! आधीच्या संकष्टीला व्हॉट्सॲपवरच्या २० जणांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा दिल्या. इतकं सुरळीत गेलं की मी त्याचा व्हिडिओसुद्धा टाकला. तुमच्यातल्या काहींनी तो बघून स्लॉट सुरूही केले असतील. त्यांची माफी मागते.

चतुर्थीला मी १२० पैकी ९० जणांना वेळा वाटल्या. उरलेल्या ३० जणांच्या मालासाठी दुकानासमोर ५० माणसं उभी. म्हणजे रांग तासाला जेमतेम पाच माणसांनी सरकणार. त्यात साडेआठला उकड बिघडली. पिठी कोरडी लागली, कळ्या फाटायला लागल्या, ४० मिनिटं एक मोदक उतरला नाही. नऊची वेळ दिलेले आणि साडेनऊची वेळ दिलेले एकदमच काउंटरवर, फोन पुढे करून. "तुम्हीच लिहिलंय बघा, नऊ!" मी बुकिंगवाल्यांना आधी देत राहिले, कारण त्यांना शब्द दिला होता.

रांगेत बारावे होते आमचे एक काका. बाबांच्या वेळेपासून, पंधरा-सोळा वर्षं, चतुर्थीला साडेसातला येऊन उभे राहणारे. व्हॉट्सॲप नाही. सव्वादहाला त्यांनी विचारलं, "अजून किती?" मी म्हटलं, "अर्धा तास, काका." ते म्हणाले, "साडेदहाला गुरुजी येतायत गं." आणि रिकामी पिशवी घडी घालून खिशात ठेवली आणि गेले. ओरडले नाहीत, काही नाही. बाबा गल्ल्यावर बसले होते, त्यांनी सगळं बघितलं. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्या दिवशीचा गल्ला आदल्या वर्षीइतकाच होता, हेही सांगून टाकते. १२० गिऱ्हाइकांचा माल १२० गिऱ्हाइकांनाच गेला.

तर ताई, तुमच्या पार्लरचं. ॲप नंतर बघू. आधी दोन रविवार वहीत दोनच गोष्टी लिहा: एका तासात खरोखर किती जणी होतात, आणि अपॉइंटमेंटशिवाय आलेली बाई किती वेळ बसते. किती जणी बघून परत गेल्या तेही दारातल्या मुलीला मोजायला सांगा. हा आकडा कुठल्याच ॲपमध्ये येत नाही. मग स्लॉट द्या, पण खुर्च्यांपैकी निम्म्याच. फेशियलसारख्या ठराविक वेळेच्या कामाला वेळ द्या. केसांना रंग लावायला कुणाला ४० मिनिटं लागतात, कुणाला दोन तास. तिथे वेळ देऊ नका, नंबर द्या. आणि चाचणी मुद्दाम वाईट दिवशी घ्या. एक मुलगी सुट्टीवर आहे, लग्नसराई आहे, अशा दिवशी.

यंदा मी तेच करतेय. चतुर्थीच्या आधी तीन चाचण्या. दुसऱ्या चाचणीत मी मुद्दाम २० मिनिटं गॅस बंद ठेवणार आहे, बघू काय गोंधळ होतो ते. बाबांना हा शुद्ध वेडेपणा वाटतो. दर अर्ध्या तासाला दोन चाळणी उतरतात, ६०-६० च्या. एक नंबरवाल्यांची, एक रांगेची. रांगेची चाळण कुणी मंत्री आला तरी द्यायची नाही, असं मी काउंटरवरच्या मुलाला बजावलंय.

काकांना मी स्वतः फोन केला. म्हटलं, तुमचे ११ बाजूला काढून ठेवते, कधीही या. ते म्हणाले, "नको, मी येईन साडेसातला. तिथे चार माणसं भेटतात."