क्रेडिट कार्डाचा दावा आणि राहतं घर

क्रेडिट कार्डाची बाकी थकली म्हणून कोणतीही बँक थेट तुमच्या घराला सील ठोकू शकत नाही. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात वकिली करताना हे मला वारंवार सांगावं लागतं, कारण वसुलीवाले फोनवर नेमकं उलटं सांगून माणसाची झोप उडवतात. गृहकर्जात घर तारण असतं, त्यामुळे सरफेसी कायद्याखाली बँक दावा न लावता ताब्याची कारवाई करू शकते. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. त्यासाठी आधी दावा किंवा लवाद, मग हुकूमनामा आणि त्यानंतर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, एवढा रस्ता बँकेला चालावाच लागतो.

पण म्हणून निर्धास्तही राहू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये राहत्या घराला जप्तीतून सूट आहे ती शेतकरी, मजूर आणि घरगडी यांना. नोकरदाराच्या किंवा दुकानदाराच्या फ्लॅटला ती नाही. हुकूमनामा झाला की 12 वर्षांपर्यंत दरखास्त लावता येते, आणि तुमच्या नावावरचा फ्लॅट किंवा त्यातला तुमचा हिस्सा जप्त होऊ शकतो.

चिंचवडचे एक निवृत्त काका माझ्याकडे आले होते. बेलिफाने समन्स दारावर चिकटवलं, तेव्हा ते गावी होते. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून काकूंनी कागद ओरबाडून काढला आणि लाइटबिलांच्या फाइलमध्ये सारून दिला. कागदाच्या चारही कोपऱ्यांवर डिंक आणि दाराचा रंग तसाच होता. त्यांची लाज मला समजते. पण दावा ‘समरी सूट’ होता, म्हणजे समन्स लागल्यापासून 10 दिवसांत कोर्टात हजर व्हायचं. त्यानंतर बँक निकालासाठीचं समन्स बजावते आणि तिथून पुन्हा 10 दिवसांत, शपथपत्रासह, बचावाची परवानगी मागायची. हे चुकलं तर बँकेचं म्हणणं खरं धरून हुकूमनामा होतो. आम्हाला आधी उशीर माफ करण्याचा अर्ज द्यावा लागला.

मग स्टेटमेंटं काढून बसलो. प्रत्यक्ष खरेदी दीड लाखाच्या आत, मागणी सव्वातीन लाखांची! काका दरमहा ‘मिनिमम ड्यू’ भरत होते. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के, वर लेट फी, त्यावर जीएसटी. कधीच न मागितलेल्या विम्याचा हप्ताही त्यात होता. नुसतं ‘व्याज फार आहे’ म्हणून आता भागत नाही. कार्डाच्या व्याजावरची 30 टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केली. म्हणून प्रत्येक नोंदीचा पुरावा मागायचा. मुदतही तपासायची: अशा दाव्याला 3 वर्षांची मुदत असते, पण ती संपण्याआधी तुम्ही बाकीची लेखी कबुली दिली तर ती नव्याने सुरू होते. फोनवर गोड बोलून ‘एवढी एक मेल पाठवा’ असं कुणी म्हटलं, तर आधी वकिलाला विचारा.

काकांच्या मुलाने फ्लॅट काकूंच्या नावावर बक्षीसपत्र करून द्यायचं सुचवलं होतं. मी ठाम नकार दिला. घेणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली रद्द होऊ शकतं, आणि त्यानंतर कोर्टात तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही.

हे प्रकरण शेवटी लोकअदालतीत हप्त्यांवर मिटलं. तिथे मिटलं की बँकेला कोर्ट फी परत मिळते, म्हणून तीही ताणत नाही. मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा सिबिलमध्ये राहतो, तो आधीच समजून घ्या. तडजोडीची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, सही करण्यापूर्वी वाचा, शेवटचा हप्ता भरल्यावर ‘नो ड्यूज’ पत्र हातात घ्या. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि समन्स दारावर लागलं, तर त्याच दिवशी त्यावरची तारीख वाचा.