मृत ताऱ्याचं वजन

ताऱ्याचं वस्तुमान काढायला बहुधा जोडीदार लागतो. दोघे एकमेकांभोवती फिरत असले, की फेरीचा काळ आणि दोघांमधलं अंतर यांवरून गणित सुटतं. व्याधाच्या श्वेतबटू (मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) जोडीदाराची फेरी ५० वर्षांत पुरी होते, त्यामुळे तिथे अडलं नाही. सुमारे १८ प्रकाशवर्षांवरच्या ‘स्टाइन २०५१ बी’ या श्वेतबटूलाही जोडीदार आहे, पण त्यांची चाल फारच संथ. फेरीच्या जेमतेम दिसलेल्या तुकड्यावरून वस्तुमान निघालं सूर्याच्या निम्मं, आणि घोळ झाला. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या सिद्धांतात श्वेतबटूचं वस्तुमान आणि आकार एकमेकांना बांधलेले असतात. हा तारा त्या हिशेबात बसायचा, तर गाभा लोखंडाचा मानावा लागे. लोखंड घडतं ते महाकाय ताऱ्यांच्या पोटात, आणि ते तर स्फोटाने संपतात. मग हा जन्मला कसा?

बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधले कैलाश साहू आणि सहकारी यांनी वेगळी वाट धरली. मार्च २०१४मध्ये हा श्वेतबटू एका दूरच्या ताऱ्याला जवळजवळ झाकत पुढे सरकणार होता. वस्तुमान प्रकाशाला वाकवतं. तेव्हा मागचा तारा किती सरकलेला दिसतो, त्यावरून पुढच्याचं वजन कळतं. १९१९च्या खग्रास ग्रहणात सूर्याने हेच केलं होतं. पण इथला सरक त्याच्या हजारपट लहान, साधारण २ सहस्रांश विकला. हबल दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात तो एका पिक्सेलचा विसावा भाग भरतो. शिवाय मागचा तारा श्वेतबटूपेक्षा ४०० पट मंद. आधी श्वेतबटूचा झगमगाट चित्रातून वजा करायचा, मग आजूबाजूचे तारे खुणेला धरून त्या मंद ठिपक्याची जागा मोजायची. ऑक्टोबर २०१३ ते ऑक्टोबर २०१५ या काळात अशी आठ निरीक्षणं झाली. आइन्स्टाइन यांनी १९३६मध्ये लिहिलं होतं, की एका ताऱ्याने दुसऱ्याचा प्रकाश असा वाकवलेला प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही. त्यांच्याच सूत्राने इथे तराजूचं काम केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जून २०१७मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: ०.६७५ सौर वस्तुमान, ०.०५१ इकडेतिकडे. लोखंडाची गरजच उरली नाही; कार्बन-ऑक्सिजनचा नेहमीचा गाभा चोख बसला. एवढा गाभा मागे ठेवणारा तारा जन्मतः सूर्याच्या दुपटीहून जड असावा. आयुष्याच्या उतारावर तो फुगला आणि बाकीचं सारं वायुरूपाने अवकाशात सोडून मोकळा झाला.