क्वांटम संशोधन आपल्याच शहरात, पण त्याचा रस्ता अकरावीच्या गणितातून जातो

मागच्या महिन्यात खराडीतले एक पालक शाळा सुटल्यावर भेटायला आले. रिक्षा चालवतात. हातात एका क्लासचं रंगीत पत्रक होतं : तीन महिन्यांत क्वांटम कम्प्युटिंग, प्रमाणपत्र आणि नोकरीची खात्री. फी 45 हजार. मुलाची बारावी नुकतीच झालेली. "सर, कर्ज काढून भरू का?" हा त्यांचा सवाल. बोलता बोलता कळलं की दहावी झालेली धाकटी मुलगी अकरावी सायन्सला गणित सोडून जीवशास्त्र घेणार आहे, कारण "गणित कठीण जातं".

मी म्हटलं, भाई, पत्रक बाजूला ठेवा. खरा निर्णय मुलीच्या गणिताचा आहे. का, ते इथे सविस्तर लिहितो, कारण हा सवाल एका घराचा नाही.

क्वांटम कम्प्युटर म्हणजे नेमकं काय?

आपल्या मोबाइलमधला कम्प्युटर 0 किंवा 1 या दोनच खुणांवर चालतो. या खुणेला बिट म्हणतात. क्वांटम कम्प्युटरचा बिट म्हणजे क्युबिट. मोजेपर्यंत त्यात 0 आणि 1 या दोन्ही शक्यता असतात. उर्दू माध्यमाच्या मुलांना मी 'इम्कान' हा शब्द सांगतो, लगेच कळतं. प्रत्येक शक्यतेला एक आकडा जोडलेला असतो आणि तो उणेसुद्धा असू शकतो. खरी गंमत इथेच आहे.

पाण्याच्या हौदात दोन खडे टाकून बघा. दोन्हीकडच्या लाटा जिथे एकसाथ उठतात तिथे पाणी उंच होतं. जिथे एक वर आणि एक खाली असते, तिथे दोघी एकमेकींना मिटवतात. क्वांटम गणनेत हेच घडवून आणायचं असतं : चुकीच्या उत्तरांच्या शक्यता एकमेकींना मिटवतील आणि बरोबर उत्तराची शक्यता वाढेल. "हा कम्प्युटर सगळी उत्तरं एकदम देतो" असं व्हिडिओत सांगतात, ते चूक आहे. मोजल्यावर उत्तर एकच मिळतं. ते बरोबर यावं अशी रचना आधी करावी लागते आणि अशी रचना मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे.

मग ताकद कुठून येते? 2 क्युबिटना 4 आकडे लागतात, 10 क्युबिटना 1024. 50 क्युबिटना लागणारे आकडे एक हजार लाख कोटींच्या वर जातात. एवढा हिशेब साध्या कम्प्युटरला झेपत नाही.

पुण्या-मुंबईत काय चाललंय?

खराडीत आपण आयटी पार्कच्या काचेच्या इमारती रोज बघतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाषाणला, आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था आहे. तिथे क्वांटम तंत्रज्ञानासाठी 'आय-हब' नावाचं केंद्र उभं आहे. पुण्यातच डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानावर काम करणारी तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये या प्रयोगशाळेने आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, 6 क्युबिटच्या प्रोसेसरची पूर्ण चाचणी केल्याचं जाहीर झालं. क्युबिट टीआयएफआरमध्ये बनले, ते चालवणारी आणि मोजणारी यंत्रणा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी जुळवली आणि दुरून वापरता येईल असं सॉफ्टवेअर टीसीएसने लिहिलं. म्हणजे एका यंत्रामागे भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर, तिन्ही हुनर लागले.

देशपातळीवर 19 एप्रिल 2023 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. खर्च 6003.65 कोटी रुपये, मुदत 2030-31 पर्यंत. आठ वर्षांत 50 ते 1000 क्युबिटचे कम्प्युटर बनवायचं उद्दिष्ट आहे.

संशोधनाचे विषय कोणते?

पहिला विषय : क्युबिट कशाचा बनवायचा? टीआयएफआरचे क्युबिट अतिवाहक सर्किटचे आहेत. ते उणे 273 अंशांच्या अगदी जवळ थंड ठेवावे लागतात. कुणी एकेकटे अणू पकडून काम करतं, कुणी प्रकाशाच्या कणांवर. विजेच्या सर्किटमध्येही क्वांटम नियम दिसतात, हे दाखवणाऱ्या 1980 च्या दशकातल्या प्रयोगांना 2025 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस हे ते तीन शास्त्रज्ञ.

दुसरा विषय : चुका. क्युबिट फार नाजूक असतो. थोडी उष्णता, थोडा विद्युत गोंगाट, की हिशेब बिघडतो. म्हणून अनेक क्युबिट मिळून एक भरवशाचा क्युबिट बनवायची धडपड चालू आहे. आज जगभरात सगळ्यात जास्त डोकं इथेच लागतंय.

तिसरा विषय : कुलपं. 1994 मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिलं की मोठा क्वांटम कम्प्युटर बनला तर मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडता येतील. इंटरनेटवरच्या बऱ्याच व्यवहारांची कुलपं हे काम अवघड आहे याच भरवशावर उभी आहेत. एवढं मोठं यंत्र अजून बनलेलं नाही, म्हणून आज घाबरायचं कारण नाही. पण तयारी सुरू झाली. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने नव्या कुलपांची पहिली तीन मानकं जाहीर केली. आता जगभरातली सॉफ्टवेअर हळूहळू बदलावी लागतील आणि खराडीतल्या इंजिनिअर मुलामुलींसाठी हे काम सगळ्यात जवळचं आहे.

चौथा विषय : मोजमाप. अतिशय अचूक घड्याळं आणि बारीकसं चुंबकीय क्षेत्र टिपणारे सेन्सर यात येतात. आयआयटी मुंबईकडे मिशनने याच विषयाचं केंद्र दिलं आहे.

मग मुलांनी काय करायचं?

वरच्या प्रत्येक विषयाचा पाया तीन गोष्टींवर आहे : संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि संभाव्यता. तिन्ही आपल्या बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या गणितात आहेत. गणित सोडलं की हा दरवाजा बंद होतो आणि नंतर उघडायला फार मेहनत पडते. डॉक्टरच व्हायचं पक्कं असेल तर जीवशास्त्र जरूर घ्या. पण नुसती भीती वाटते म्हणून गणित सोडू नका. जमलं तर दोन्ही ठेवा.

बारावीनंतर आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा असते. ती निसटली तरी साध्या कॉलेजातून भौतिकशास्त्र किंवा गणितात बीएस्सी करून जॅम परीक्षेने एमएस्सीला जाता येतं. पुढे पीएचडी करताना फेलोशिप मिळते, म्हणजे दरमहा पैसे येतात. घरी ही गोष्ट सांगा, कारण "किती वर्षं शिकत बसणार?" हा सवाल येतोच.

आणि नुसती चव घ्यायची असेल तर पैसे लागत नाहीत. आयबीएमचं किस्किट हे सॉफ्टवेअर मोफत आहे, एनपीटीईएलवर आपल्या आयआयटीतल्या प्राध्यापकांचे तास मोफत ऐकता येतात. तीन महिन्यांत ओळख होते, संशोधक होत नाही. नोकरीची खात्री देणाऱ्याला एकच विचारा : मागच्या वर्षीची मुलं कुठे लागली, त्यांच्याशी बोलता येईल का?

त्या पालकांनी फोन करून हेच विचारलं. पलीकडून उत्तर आलं नाही. मुलाने बीएस्सीचा फॉर्म भरला. मुलीने गणित ठेवलंय, जीवशास्त्रही ठेवलंय. रविवारी सकाळी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी माझ्याकडे मॅट्रिक्स शिकायला येतात. मॅट्रिक्सचा गुणाकार पहिल्यांदा तिघींचाही चुकला. दुसऱ्यांदा एकीचा बरोबर आला, मग तिनेच बाकीच्या दोघींना समजावला.