पाय दुखत नाही, म्हणूनच बघा

आज बोलायचंय पायांबद्दल, आणि तेही किडनीचा आजार असलेल्या माणसांच्या पायांबद्दल. किडनी कुठे आणि पाय कुठे, असं आम्हालाही वाटायचं. पण आमच्या निघोज्यातल्या एका काकूंमुळे आमचे डोळे उघडले. नाव सांगत नाही, गोष्ट मात्र त्यांना विचारूनच सांगतोय.

काकूंना साखरेचा आजार बरीच वर्षं. त्यातून किडन्या गेल्या आणि डायलिसिस सुरू झालं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात पाणी साठायचं, पाय सुजायचे. बोटं सुजली की जोडवी रुतायची. एके दिवशी सून चादर बदलायला गेली तर पायथ्याशी पिवळट डाग. "आई, पाय बघू," म्हणाली. काकू म्हणाल्या, "अगं, काही दुखत नाही मला." जोडव्याखाली बोटाला अर्ध्या बोराएवढी जखम झाली होती आणि आत पू धरला होता. दुखत मात्र खरंच नव्हतं.

खरी गोम इथेच आहे. साखरेमुळे पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. किडनी निकामी झाली की जी घाण लघवीवाटे जायची ती रक्तात साठते, आणि तीही नसांना त्रास देते. म्हणजे दोन्हीकडून मार. दुखणं हा शरीराचा राखणदार असतो. खडा टोचला की आपण पाय उचलतो. राखणदारच झोपला तर तोच खडा दिवसभर टोचत राहतो आणि आपण भाकऱ्या थापत उभ्या! कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असं पूर्वी लोक समजायचे. वेल्लोरला काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बधिर झालेल्या हातापायांना पुन्हा पुन्हा इजा होते, जखमा चिघळतात, आणि त्यातून बोटं जातात. आज साखरेच्या आणि किडनीच्या रुग्णांच्या पायांत तीच गोष्ट दिसते.

दुसरं कारण रक्ताचं. किडनी बिघडली की शरीरातल्या कॅल्शियम आणि फॉस्फरसचा हिशेब चुकतो, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना साठतो. नळाच्या पाइपात क्षार धरतात ना, तसंच समजा. पायापर्यंत रक्त कमी पोचतं, आणि रक्त नाही तर जखम कशी भरणार? त्यात किडनीच्या रुग्णांचं रक्तही कमी असतं, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, सुजेने ताणते. एवढं सगळं एकाच पावलावर येतं. म्हणून डायलिसिसवर असलेल्या माणसाचे पाय डॉक्टर सगळ्यात जास्त धोक्याच्या गटात धरतात. पाय बधिर असतील किंवा रक्त कमी पोचत असेल, तर दर 1 ते 3 महिन्यांनी ते तपासून घ्यावेत असं सांगतात.

पण डायलिसिसवाल्या घरात वेळ असतो कुणाला? आठवड्यातून दोन-तीन दिवस, दर खेपेला चार-चार तास मशीनवर. जाणं-येणं धरलं तर दिवसच गेला. मुलगा कंपनीत शिफ्टला, सून रजा टाकून बरोबर. सगळ्यांचं लक्ष मशीनकडे आणि क्रिएटिनिनच्या आकड्याकडे. पायमोजा कोण काढून बघणार? म्हणून आमचं म्हणणं, डायलिसिसच्या दिवशीच तिथल्या सिस्टरना सांगा, "ताई, जरा पाय बघता का?" आणखी एक. चार तास टाच गादीवर टेकून राहिली तर तिथेही जखम होते. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू द्या.

घरी बधिरपणा तपासायची एक सोपी रीत आहे. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी अशा सहा जागी आपल्या बोटाच्या टोकाने अलगद स्पर्श करा, एक-दोन सेकंद. दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्याही नकोत. कळलं तर "हो" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर पाय बधिर होतायत असं समजून डॉक्टरांना दाखवा. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ही रीत काढली. पैसा लागत नाही, मशीन लागत नाही. आम्ही बचत गटाच्या बैठकीत एकमेकींचे पाय असे तपासले तेव्हा आधी हसायला येत होतं. एका ताईंना तीन जागी कळलंच नाही, आणि सगळ्या गप्प झालो.

आता रोजचं. रात्री झोपताना तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नजर कमी असेल तर घरातल्या कुणाला तरी सांगा. टाचांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चालेल, बेचक्यांत मात्र नको, तिथे ओल राहून कातडी कुजते. भेगा ब्लेडने तासायच्या नाहीत. थंडीत गरम पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, शेकोटीशी पाय न्यायचे नाहीत. बधिर पायाला पाणी कोमट की उकळतं हे कळतच नाही. कोपर घालून बघा.

चप्पल-बुटांचं इथे जरा जास्त सांगायला हवं. आपल्या भागात घरोघरी कुणी ना कुणी चाकणच्या कंपनीत आहे. बुटाच्या तळाला चिकटून लोखंडाचा कीस घरात येतो आणि उंबऱ्याशी पडतो. अनवाणी पायात तो रुतला तर बधिर माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून घरातही मऊ चप्पल हवी. कंपनीचे जाड बूट घालणाऱ्याला साखर किंवा किडनीचा त्रास असेल, तर घालण्याआधी आत हात फिरवून बघू द्या. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय सुजलेला असतो. मऊ तळाची एमसीआरची चप्पल मिळते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आपलं गाव देहू-आळंदीच्या पट्ट्यातलं, अनवाणी चालण्याचा नेम अनेकींचा असतो. त्यावर आम्ही काय बोलणार? एवढंच म्हणतो, माउली चप्पल बघत नाही.

जखम दिसलीच तर हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. स्वच्छ कापड बांधून लगेच दाखवा. आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी परस्पर आणू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्यांनी उरलीसुरली किडनीही बिघडू शकते. दुकानदाराला आधी सांगा, "किडनीचा त्रास आहे." पाय एकाएकी लाल, गरम, सुजलेला झाला आणि दुखत नसला, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. आतली हाडं ढासळत असू शकतात. उपचार चालू असून चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, तर पायाचा रक्तपुरवठा तपासायचा का, हे आपणच विचारायचं. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

काकूंचं बोट वाचलं. पण जोडवी काढायची वेळ आली तेव्हा काकू रडल्या. "नवरा जिवंत असताना कशी काढू?" नर्सबाई पक्कड घेऊन थांबल्या होत्या. शेवटी काकाच पुढे झाले, म्हणाले, "मी आहे ना इथे उभा. काढा." जोडवं कापूनच काढावं लागलं.

जखम भरायला साडेचार महिने लागले. दुसऱ्या पायातलं जोडवं काकूंनी मग स्वतःच उतरवलं. आता ते देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी असतं, आणि रात्री सून पाय बघायला बसली की काकू आधीच चष्मा काढून तिच्या हातात देतात.