निवेदनातील ‘तू’ आणि रेखाटलेला हात

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आणि ॲलिसन बेक्डेल यांचे ‘फन होम’ हे चित्ररूप आत्मकथन, दोन्ही २००६ मधील. समलिंगी अनुभवाची ‘धीट’ मांडणी एवढाच त्यांचा गौरव होतो. तो अपुरा आहे.

‘कोबाल्ट ब्लू’मध्ये तनय आणि अनुजा ही भावंडे घरी राहायला आलेल्या एकाच निनावी तरुणावर प्रेम करतात. अनुजाचे निवेदन रोजनिशीवजा आहे. तनय मात्र निघून गेलेल्या प्रियकराला ‘तू’ म्हणून संबोधतो. अनुजाच्या पळून जाण्याची घर निदान दखल तरी घेते. तनयच्या दुःखाला घराच्या भाषेत नावच नाही. ऐकणारे दुसरे कोणी नसल्यामुळे आलेला हा ‘तू’ आहे. त्याला केवळ शैलीविशेष मानणे चुकीचे ठरेल.

बेक्डेल यांच्या ग्रंथात हे कार्य रेखाटन करते. वडिलांच्या मृत्यूनंतर सापडलेले एका तरुणाचे छायाचित्र ग्रंथाच्या मध्यावर दोन पानांवर पसरले आहे. ते धरणारा हातही चित्रात आहे, भोवती निवेदिकेचे तर्क. पुरावा आणि त्याचे वाचन असे एकाच दृष्टिक्षेपात देणे गद्याला साधत नाही. (मराठी समीक्षेने चित्रकथेला बालवाङ्मयाच्या कपाटातून क्वचितच बाहेर काढले, हा वेगळा विषय.)

कुंडलकरांचा तरुण अखेरपर्यंत स्वतः बोलत नाही. बेक्डेल यांच्या वडिलांची निदान पत्रे उरतात, लेकीने हाताने पुन्हा उतरवलेली.