चित्रकाराची वेदना आणि आपली नजर

आपल्या स्मरणिकांतून शिक्षण, आरोग्य, व्यसनमुक्ती, शिष्यवृत्त्या अशा विषयांवर लेख येत असतात. मग चित्रकलेवर लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याला आमच्या हातून घडलेली एक चूक कारण आहे. ती सांगूनच आरंभ करणे बरे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मिठी नदीचे पाणी कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरले. पुढच्या जानेवारीत आम्ही काही कार्यकर्त्यांनी मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली. विषय होता ‘माझे घर’. बहुतेक मुलांनी दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, कौलारू घर आणि शेजारी नारळाचे झाड काढले. आमच्या चाळीत यांतले काहीच नाही, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. एका मुलाने मात्र सारा कागद काळ्या खडूने भरून टाकला होता. वरच्या कडेला बोटभर पट्टी पांढरी सोडून तिच्यात पंख्याची तीन पाती काढली होती. ‘चित्र अपूर्ण, रंगसंगती नाही’ असा शेरा देऊन आम्ही ते बाजूला ठेवले. बक्षीस डोंगर-सूर्याच्या चित्राला गेले. पुढे त्या मुलाच्या आईकडून कळले की, त्या रात्री तो पोटमाळ्यावर बसून होता. पाणी माळ्याच्या फळीला लागले होते आणि समोर पंखा तेवढा कोरडा दिसत होता. पोराने आपले घर जसे पाहिले तसे काढले होते. परीक्षक म्हणून बसलेल्या आम्हालाच ते वाचता आले नाही.

त्यानंतर आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दुःखाचे चित्र म्हणजे रडणारा चेहरा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कॅलेंडरवर आणि सिनेमाच्या पोस्टरवर ते चालून जाते. परंतु ज्याच्या मनात खरोखरीच काही रुतून बसले आहे, असा चित्रकार पुष्कळदा अश्रू रंगवीत नाही. तो त्या दुःखासाठी एखादी खूण शोधतो आणि तिच्यावर वर्षानुवर्षे काम करतो.

आपल्याच शहरातील तैयब मेहता यांचे उदाहरण घ्या. १९२५ साली गुजरातेत कपडवंज येथे जन्मलेले मेहता मुंबईत वाढले. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरील घराच्या खिडकीतून त्यांनी एका माणसाला जमावाने भर रस्त्यात ठार मारताना पाहिले. त्या धक्क्याने ते तापाने आजारी पडले. पुढे त्यांच्या चित्रांत काय आले? कत्तलखान्यात पाय बांधून आडवा पाडलेला बैल आला. कसल्याही आधाराविना खाली कोसळणारा माणूस आला. १९७० साली त्यांनी ‘कूडल’ हा लघुपट केला, त्यासाठी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रीकरण केले. बैल हा बळाचा पुतळा. पण पाय बांधले की त्याचे सारे बळ निकामी होते. खिडकीत उभे राहून काहीही करू न शकलेल्या तरुणाची तडफड त्या बैलात आहे, असे आम्हास वाटते. रंगांचे मोठे सपाट पट्टे आणि मोजक्या रेषा एवढ्यावरच ते काम भागवीत. २००९ साली त्यांचे निधन झाले. साठ वर्षांपूर्वीच्या त्या दृश्याने त्यांना अखेरपर्यंत सोडले नव्हते.

मेहतांनी मरण पाहिले होते ते एका अनोळखी माणसाचे. जर्मनीच्या केथे कोलवित्झ यांच्या तर घरातच मरण आले. त्यांचे पती बर्लिनमधील कामगार वस्तीत डॉक्टर होते. दवाखान्यात येणाऱ्या थकल्याभागल्या बायका आणि आजारी मुले केथेबाई रोज पाहत व चितारीत. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, त्यांचा अठरा वर्षांचा धाकटा मुलगा पीटर रणांगणावर पडला. त्याचे स्मारक करायचे त्यांनी त्याच वर्षी मनावर घेतले. काम मनासारखे होईना. मध्यंतरी त्यांनी ते सोडून दिले, पुन्हा हाती घेतले. १९३२ साली बेल्जियममधील सैनिकांच्या दफनभूमीत ते उभे राहिले. मुलाचे वय होते अठरा, आणि स्मारकालाही जवळजवळ अठराच वर्षे लागली. त्या शिल्पात मुलगा नाहीच. गुडघे टेकून बसलेले आई आणि बाप आहेत, दोघे वेगवेगळे, आपापल्या दुःखात. चेहरे केथेबाईंचे आणि त्यांच्या पतीचेच आहेत. मूल गमावलेल्या कोणाही आईबापाला ते आपले वाटतील.

आता आपल्या घरचे उदाहरण. चित्रकार सवी सावरकर यांचा जन्म १९६१ सालचा, नागपूरचा. म्हणजे त्याच नगरीत झालेल्या धम्मदीक्षेनंतर पाच वर्षांनी. नागपूर आणि बडोदा येथे शिक्षण घेऊन त्यांनी दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. त्यांच्या चित्रांत गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्यांना थुंकीसाठी मडके आणि पावलांच्या खुणा पुसण्यासाठी झाडू बाळगावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये नमूद केले आहे. देवदासी हाही सावरकरांच्या चित्रांचा विषय आहे.

येथे एक शंका येईल. १९६१ साली जन्मलेल्या माणसाच्या गळ्यात मडके कधी नव्हते. मग ही त्याची वैयक्तिक वेदना कशी? आमचे उत्तर असे की, अंगावर आलेले तेवढेच आपले नसते. पणज्याने सोसलेला अपमान नातवंडांच्या उठण्या-बसण्यात, बोलताना मान खाली घालण्यात उतरतो. चित्रकार त्याला पुन्हा मडक्याचा आकार देतो, म्हणजे तो डोळ्यांना दिसू लागतो.

सावरकर आणि कोलवित्झ या दोघांनीही अम्लरेखनाचे काम केले. त्यात धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात व सुईने चित्र ओरखडतात. पत्रा अम्लात बुडविला की जेथे ओरखडा तेथे अम्ल धातूला खाते. त्या चरांत शाई भरून वरची पुसून घेतात आणि यंत्राखाली ओला कागद दाबतात. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात, त्यामुळे चित्र एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकून पडत नाही.

या तिघांचे मिळून आपण काय घ्यावे? घटना जशीच्या तशी त्यांनी मांडली नाही. बैल, मोकळी जागा, मडके अशी एकेक खूण धरून ठेवली आणि बाकीचे निर्धाराने गाळले. चित्र काढल्याने दुःख नाहीसे होते, असे आम्ही म्हणणार नाही. कोलवित्झबाईंचा मुलगा परत आला नाही. परंतु एकट्याने वाहिलेले ओझे चार लोकांना दिसले, तर त्या माणसाचे एकटेपण कमी होते.

आमच्या स्पर्धेतील त्या मुलाने यांतले कोणाचेही नाव ऐकले नव्हते. तरी त्याने पंखा ही खूण शोधली आणि बाकीचे सारे काळ्यात बुडविले. आपल्या लोकांनी आत्मकथा आणि कविता यांतून दुःख जगापुढे मांडले. रंगरेषांत मात्र आपण मागे राहिलो. रंग आणि कागद महाग, दहा बाय बाराच्या खोलीत चित्र वाळत घालायला जागा नाही, ही कारणे खरी आहेत. ‘हे काय काळेबेरे काढलेस?’ हा आपला प्रश्न हेही एक कारण आहे, आणि त्याचा उपाय फुकटचा आहे.

म्हणून पालकांना व शिक्षकांना आमची विनंती आहे. मुलाने चित्र दाखवले तर आधी विचारा, ‘यात काय आहे ते सांग बरे.’ एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्याला जरूर बसवा. एखाद्या रविवारी कुर्ल्याहून लोकल पकडून त्याला काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात न्या. १९५२ पासून ते उघडे आहे आणि आत जायला तिकीट लागत नाही.

ते काळे चित्र आम्ही पुढे शोधले, पण रद्दीत गेले होते. आता स्पर्धेनंतर आम्ही प्रत्येक मुलाला चित्राविषयी दोन वाक्ये बोलायला सांगतो, आणि मगच गुण देतो.